कोल्ह्याशी झटापट झालेला कुत्रा आणि दहा दिवसांचा हिशोब

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याचा सारांश देते.

त्या सासू-सासरे, नवरा आणि सहा वर्षांच्या मुलीसोबत रानातल्या वस्तीवर राहतात. शेजारच्या फडात ऊसतोड चालू असताना भर दुपारी एक कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आला. माणसं ओरडली, दगड मारले, तरी तो हटला नाही. घरचा साडेतीन वर्षांचा कुत्रा त्याच्या अंगावर धावून गेला आणि दोघांची झटापट झाली. आसपासच्या पोरांनी काठ्यांनी कोल्ह्याला मारलं आणि ओढत नेऊन बांधाकडेला पुरलं. कुत्र्याच्या कानाखाली आणि नाकाजवळ बारीक जखमा आहेत. ताईंनी त्या पाण्यानं धुऊन वर हळद दाबली. कुत्र्याला पिल्लू असताना एकदा आणि नंतर आणखी एकदा रेबीजची लस दिली होती, पण त्याला वर्ष उलटून गेलं आहे आणि कार्ड सापडत नाही. नवऱ्याचं म्हणणं, ‘लस झालेली आहे, दहा दिवस बघू, काही नाही झालं तर सुटलो.’ सासरे म्हणतात, ‘कोल्ह्यानं फोडलेलं कुत्रं दारात ठेवायचं नाही, लांब कुठंतरी सोडून या.’ मुलगी कुत्र्याच्या गळ्यात पडून रडते. ताई विचारतात, ‘दहा दिवस थांबलं तर चालेल ना? आणि सासऱ्यांना काय सांगू?’

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. कुत्र्याला आजच्या आज दवाखान्यात न्या, तुम्ही स्वतः आरोग्य केंद्रात जा, आणि मुलीला कुत्र्याजवळ जाऊ देऊ नका. हे सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं यात काहीच नव्हतं. वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. असा प्रसंग घडला तर पत्र लिहिण्याआधी दवाखाना गाठा. आता त्या तीन गोष्टींमागची कारणं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घरात आज जे बोललं जातंय ते असंख्य घरांत बोललं जातं.

आधी दहा दिवसांचं बघू. तुमच्या यजमानांनी ऐकलेला नियम खोटा नाही, पण तो वेगळ्या प्रसंगाचा आहे. कुत्रा किंवा मांजर माणसाला चावलं तर त्या चावणाऱ्या जनावरावर दहा दिवस नजर ठेवतात. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो लक्षणं दिसण्याच्या फार तर थोडे दिवस आधी, आणि लक्षणं दिसली की कुत्रा काही दिवसांतच मरतो. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. तेव्हासुद्धा चावा बसलेल्या माणसाची लस लगेच सुरू करायची असते, दहा दिवस संपायची वाट बघायची नसते. आणि आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांना लागू आहे, रानातल्या जनावरांना नाही.

तुमचा कुत्रा चावलेला नाही, त्याला चावा बसलाय. त्याचा हिशोब उलट्या बाजूनं मांडावा लागतो. कोल्ह्याच्या लाळेतून विषाणू आत गेला असेल, तर तो आधी जखमेच्या आसपासच्या स्नायूंत राहतो, मग एखाद्या नसेत शिरतो आणि तिच्यातून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या सगळ्या काळात कुत्रा अगदी नेहमीसारखा असतो. खातो, भुंकतो, राखण करतो. कुत्र्यांमध्ये हा काळ बहुतेक वेळा तीन आठवडे ते तीन महिन्यांचा असतो. क्वचित त्याहून कमी, क्वचित सहा महिन्यांच्याही पुढे. अकराव्या दिवशी तो भाकरी खाऊन शेपूट हलवत असेल, आणि त्यावरून काहीच ठरणार नाही. मला काळजी वाटते ती त्या अकराव्या दिवसाची. त्या दिवशी घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतील, मुलगी पुन्हा त्याच्या गळ्यात पडेल, आणि खऱ्या जोखमीचे दिवस तिथून पुढं सुरू होतील.

आता तो कोल्हा पिसाळलेला होता का? खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. दिवसा दिसला म्हणून पिसाळलेला, असं नसतं. ऊसतोड सुरू झाली की फडात दडून राहणारे कोल्हे उघड्यावर येतात, आणि कोंबड्या असल्या की वस्तीपर्यंत पोचतात. डिस्टेंपर नावाच्या आजारानंसुद्धा कोल्हा असाच भांबावून फिरतो. पण माणसांच्या आरड्याओरड्याला, दगडांना न जुमानणारा, पळून जायची वाट मोकळी असूनही समोर उभा राहणारा कोल्हा ही नेहमीची गोष्ट नाही. आणि आपल्या भागातल्या कोल्ह्यांना रेबीज होतो, यात शंका नाही. २०२४ साली मुंबईत चेंबूरकडच्या कोल्ह्यांमध्येही तो तपासणीत आढळला. रेबीजची पक्की तपासणी जनावर मेल्यावर मेंदूच्या नमुन्यावरच होते. तुमचा कोल्हा पुरला गेला, त्यामुळं तो मार्ग जवळपास बंद झाला. अशा वेळी पशुवैद्यक एकच नियम पाळतात. ज्या वन्य प्राण्याची तपासणी झाली नाही, तो पिसाळलेलाच होता असं धरून चालायचं. आता तो खड्डा तुम्ही उकरायला जाऊ नका. कुत्री उकरणार नाहीत एवढी माती आणि दगड वर टाका, आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. पोरांना शिक्षा होईल या भीतीनं लपवून ठेवू नका. एक कोल्हा पिसाळलेला असेल तर त्याच्या टोळीतले दुसरेही असू शकतात, आणि हे वनरक्षकाला कळलं तरच पुढच्या वस्तीवरची माणसं सावध होतील.

लस झालेली आहे, हे तुमच्या घरातलं दुसरं गृहीतक. यात अर्धी गोष्ट खरी आहे आणि ती दिलासा देणारी आहे. तुमच्या कुत्र्याच्या शरीरानं ही लस दोनदा पाहिली आहे. अशा शरीराला आता एक बूस्टर मिळाला की ते काही दिवसांतच जोरात प्रतिकार उभा करतं. ज्या कुत्र्याला आयुष्यात एकदाही लस मिळालेली नाही, त्याला चावल्यानंतर पहिल्यांदा दिली तर ती वेळेत पोचेल याची कुणी हमी देऊ शकत नाही. तुमचा कुत्रा त्या दुसऱ्या गटात नाही. पण आपल्याकडे वर्षाला बूस्टर द्यायची पद्धत आहे, आणि तो तुमच्याकडून लांबला. म्हणून ‘लस झालीय, काही करायला नको’ हेही चालणार नाही.

इथं ते कार्ड महत्त्वाचं ठरतं. लस लांबलेला कुत्रा पण आधीच्या लसीचा लेखी पुरावा हातात, आणि लस लांबलेला कुत्रा पण नुसतं ‘दिली होती’ एवढंच, या दोघांकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या सूचना यात अगदी स्पष्ट आहेत. लस चालू असलेला, किंवा लांबली तरी पुरावा असलेला कुत्रा असेल तर लगेच बूस्टर आणि पुढचे ४५ दिवस मालकाच्या नजरेखाली. लस कधीच न झालेला असेल तर दयामरण, किंवा चार महिने कडक विलगीकरण. पुरावा नसेल तर त्या कुत्र्याला लस न झालेलाच धरायची मुभा तिथल्या अधिकाऱ्यांना आहे. आपल्याकडे एवढा काटेकोर नियम रोजच्या व्यवहारात नाही. पशुवैद्यक बहुतेक वेळा ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी लस देतात. यातला ० हा दिवस म्हणजे पहिलं इंजेक्शन दिलं तो दिवस, चावा बसला तो नाही. तुमच्या डॉक्टरांनी ही मालिका सुचवली असेल तर ती पूर्ण करा. दोन-तीन इंजेक्शनं झाली, कुत्रा बरा दिसला आणि पुढची राहिली, हे फार वेळा होतं.

कार्डासाठी घर उलथंपालथं करण्याआधी, लस जिथं दिली त्या दवाखान्यात विचारा. सरकारी दवाखान्यात रजिस्टर असतं, खासगीतही बहुतेक ठिकाणी नोंद सापडते. तारीख आणि लसीचा बॅच नंबर मिळाला तर तो लिहून आणा.

जखमा बारीक आहेत, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. कोल्ह्याचे सुळे अणकुचीदार असतात. ते चामडी फाडत नाहीत, भोक पाडतात. वरचं तोंड लगेच मिटतं आणि आत लाळ राहते. त्यात तुमच्या कुत्र्याच्या जखमा कानाखाली आणि नाकाजवळ आहेत, म्हणजे मेंदूपासून अगदी थोड्या अंतरावर, आणि त्या भागात नसांचं जाळंही दाट. दिसल्या तेवढ्याच जखमा असतील असंही नाही. झटापटीनंतर कुत्रा बघायचा तर हातमोजे घालून, बॅटरीच्या उजेडात, केस उलट्या दिशेनं सारत बघावा लागतो. मान, कानामागं, पुढच्या पायांची आतली बाजू, शेपटीचं मूळ. कुठं केसांची चिकट लडी झालेली हाताला लागली, की तिच्याखाली बहुधा दाताचं भोक असतं.

हळदीचं मनावर घेऊ नका, पण पुढच्या वेळी लावू नका. हळद, चुना, मिरची, तेल, झाडपाला, यांतलं काहीही विषाणूला मारत नाही. जखम चोळल्यानं तो उलट आत ढकलला जातो. त्याच्यावर खरा इलाज मोरीत असतो. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं. कपड्याचा साबणही चालतो. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन, डोळा सांभाळून. जखम मोकळी ठेवायची. टाके घालायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि शक्यतो ते थांबतीलच. कुत्रा कितीही मायाळू असला तरी दुखऱ्या जागी हात लागला की चावू शकतो, म्हणून आधी त्याचं तोंड मऊ कापडी पट्टीनं बांधून घ्यायचं. धुणाऱ्यानं लांब बाह्या, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालायचा, कारण पाणी उडतं.

आणि इथं मी तुमच्या पत्रात नसलेल्या गोष्टीकडे येते, म्हणजे तुमच्याकडे. झटापट संपल्यावर लगेच तुम्ही उघड्या हातांनी त्याच्या जखमा धुतल्या. तुम्ही रानात काम करता. उसाच्या पाल्यानं चिरलेली बोटं, भेगाळलेले तळवे, हे तुमच्यासारख्या बाईला कुणी विचारतसुद्धा नाही. कोल्ह्याची लाळ त्या वेळी कुत्र्याच्या केसांवर ओली होती. ओली लाळ चिरलेल्या त्वचेला लागणं हा रेबीजच्या दृष्टीनं खरा संपर्क आहे. लाळ सुकली की धोका झपाट्यानं कमी होतो, अखंड त्वचेवर नुसती लागली तर चिंता नाही, आणि अशा अप्रत्यक्ष संपर्कातून रोग होण्याची शक्यता कमीच असते. पण कमी असलेली शक्यता तुमच्यासाठी किती आहे, हे मोरीपाशी उभं राहून आपण ठरवायचं नाही. ते डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांना ‘कुत्रा आजारी आहे’ असं न सांगता ‘कोल्हा चावलेल्या कुत्र्याच्या ताज्या जखमा मी उघड्या हातांनी धुतल्या, माझ्या बोटांना चिरा होत्या’ असं नेमकं सांगा. नवऱ्यानं, सासूबाईंनी त्याला धरलं असेल तर त्यांनाही न्या.

ज्या पोरांनी कोल्ह्याला मारलं आणि ओढत नेलं, त्यांच्या घरी आजच निरोप द्या. कुणाला ओरखडा आला का, कुणी तोंडाकडच्या बाजूनं धरलं का, हे त्यांना विचारून चालणार नाही. पोरं घरच्यांच्या भीतीनं सांगत नाहीत. त्यांना सरळ आरोग्य केंद्रात पाठवा.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणून आजही माणसं दवाखान्याला टाळतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती आणि ती आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात, कातडीत अगदी थोडी लस देतात, ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर १४ वा दिवसही धरून पाच वेळा. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही देता येते. जखम गंभीर गटातली असेल तर जखमेत आणि भोवती रेबीजचं सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन भरतात. ते लसीच्या पहिल्या डोसबरोबरच, आणि उशिरात उशिरा त्यानंतर सात दिवसांच्या आत दिलं तर उपयोगाचं. प्रत्येक प्राथमिक केंद्रात ते असेलच असं नाही, म्हणून ‘सीरम कुठं मिळेल’ हे तिथंच विचारून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जायची तयारी ठेवा. एवढ्या धावपळीचं कारण एकच आहे. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणसाला वाचवणारा उपचार आजही हाती नाही, आणि त्याआधी वेळेवर घेतलेली लस व सीरम जवळजवळ नेहमी वाचवतात.

आता कुत्र्याचं काय करायचं. तुमच्या घरात दोनच पर्याय बोलले जाताहेत, मोकळा ठेवायचा किंवा सोडून यायचा. तिसरा पर्याय अवघड आहे, पण तोच बरोबर आहे. घरीच, पण बंदोबस्तात.

सोडून येण्यानं काय होतं ते आधी बघा. तुमच्या दारातला धोका दुसऱ्याच्या दारात जातो, आणि तिथं कुणाला माहीतही नसतं की हा कुत्रा कोल्ह्याशी भिडलेला आहे. तो पिसाळला तर एखाद्या शाळेच्या वाटेवर पिसाळेल. शिवाय वस्तीवरचं कुत्रं बरेचदा मैलोन्‌मैल चालून परत येतं, आणि मधल्या दिवसांत ते कुणाकुणाला चावलं हे कळायचा मार्ग राहत नाही. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. विष घालणं तर त्याहून वाईट.

दयामरणाचा पर्याय मी टाळणार नाही. लस कधीच न झालेला कुत्रा, चेहऱ्यावर खोल चावे, घरात लहान मुलं आणि कोंडून ठेवायला जागा नाही, अशी परिस्थिती असेल तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देणं हा माणुसकीचाच निर्णय असतो. तो घेणाऱ्या कुटुंबाला कुणी नावं ठेवू नयेत. तुमच्या बाबतीत मात्र मला त्याची गरज दिसत नाही. कुत्र्याला दोन लसी झालेल्या आहेत, तुम्ही लगेच हालचाल केली आहे, आणि वस्तीवर जागा आहे.

बंदोबस्त म्हणजे साखळीला बांधणं नव्हे. साखळीच्या कुत्र्यापर्यंत मूल पोचतं, दुसरी कुत्री पोचतात, रात्री दुसरा कोल्हासुद्धा पोचतो. गोठ्याशेजारची वैरणीची खोली रिकामी करता येईल का ते बघा. वर पत्रा, खाली फटी नाहीत, खिडकीला बारीक जाळी, दाराला कडी-कुलूप. दारापुढं हात-दोन हात सोडून बांबूचं दुसरं फाटक करा, म्हणजे आतलं दार चुकून उघडलं तरी तो बाहेर पडणार नाही आणि मुलीचा हात जाळीपर्यंत जाणार नाही. खाणं-पाणी मोठ्या माणसानं, रोज एकाच माणसानं द्यायचं, ताटली काठीनं आत सरकवून. त्या माणसानं स्वतःच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलून ठेवावं. कुत्र्याची भांडी वेगळी ठेवा, आणि धुताना हातमोजे घाला. मोकळं फिरवणं बंद. हे ऐकायला निष्ठुर वाटेल, पण अंधारात डांबून ठेवा असं मी म्हणत नाही. उजेड हवा, गोणपाटाचं अंथरूण हवं, आणि फाटकाबाहेर बसून त्याच्याशी रोज कुणीतरी बोलायला हवं. त्याला तुमचा आवाज ओळखीचा आहे.

किती दिवस? लसीचा पुरावा मिळाला आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं तर कडक बंदोबस्त ४५ दिवसांवर आणता येईल. पुरावा नाही मिळाला तर चार महिने धरा. घरात सहा वर्षांची मुलगी आहे म्हणून माझं स्वतःचं मत असं, की पुरावा मिळाला तरी मुलीनं त्याला हात लावायचा नाही हा नियम चारही महिने ठेवावा. पिसाळल्याचा संशय असलेली जनावरं ज्यांना चावतात, त्यांत जगभरात ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलं उंचीनं कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर असतात, आणि चाटलेलं, ओरखडलेलं घरी सांगत नाहीत.

रोज त्याला लांबून बघा आणि वहीत दोन ओळी लिहा. खाल्लं का, पाणी प्यायला का, आवाज कसा होता, चाल कशी होती. पिसाळलेला कुत्रा म्हणजे तोंडाला फेस आणि दिसेल त्याला चावणारा, असं चित्र डोळ्यांपुढं असतं, पण सुरुवात बहुतेक वेळा शांतपणे होते. माणसाळलेला कुत्रा कोपऱ्यात, अंधारात जाऊन बसतो. भुंकण्याचा आवाज बदलतो, घोगरा होतो, शेवटाला रडल्यासारखा ओढला जातो. नसलेल्या माशीवर झडप घालतो, माती-लाकूड चावतो. किंवा याच्या उलट, अगदी गप्प होतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाण्यात तोंड घालतो पण पाणी आत जात नाही, मागचे पाय लटपटतात. हा दुसरा प्रकार जास्त फसवतो. घशात हाडूक अडकलंय असं वाटून घरातलं कुणीतरी प्रेमापोटी तोंडात हात घालतं. असा हात कधीही घालू नका. पाणी दाखवून परीक्षाही करू नका. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यात उतरतोसुद्धा.

यातलं काही दिसलं तर कुलूप तसंच ठेवा आणि पशुवैद्यकाला फोन करा. जनावरांसाठीची हेल्पलाइन १९६२ आहे. काठीनं मारायचं नाही, डोक्यावर तर मुळीच नाही, कारण तपासणीला मेंदू लागतो. कुत्रा मेला तर डॉक्टर येईपर्यंत पुरायचा नाही. आणि लक्षणं दिसण्याच्या आधीच्या दहा दिवसांत ज्याला ज्याला त्याची लाळ लागली असेल, त्यानं त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुमची वही तेव्हा कामाला येईल.

गोठ्यातल्या जनावरांकडे कुणी बघितलं का? खुराड्यापाशी येण्याआधी तो कोल्हा दावणीवरून गेला असू शकतो. गाई-म्हशींचं तोंड, कान, पाय आणि शेळ्यांची मान तपासा. चाव्याची खूण दिसली तर जनावरालाही लसीची तशीच मालिका देतात. गाय पिसाळली तर ती सारखी घोगऱ्या आवाजात हंबरते, कुंथते, लाळ गाळते, आणि तिथंही ‘काहीतरी अडकलंय’ म्हणून घशात हात घातला जातो. दुधाचं म्हणाल तर कच्चं पिऊ नका, पाजू नका. उकळल्यावर विषाणू राहत नाही. पण चावा बसलेल्या जनावराचं दूध रतीबाला घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या वाचकांची पत्रं येणार हे मला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मुंगूस, खोकड, लांडगा, तरस, रानमांजर, माकड यांच्याशी भांडण होऊन कुत्र्याला चावा किंवा ओरखडा आला, तर वर लिहिलेलं सगळं तसंच लागू. मुंगसाकडे फार दुर्लक्ष होतं, कारण ते लहान असतं आणि परसात रोज दिसतं. जुन्नर-संगमनेरकडे बिबट्याच्या तोंडून वाचलेली कुत्री असतात. तिथं मोठ्या जखमांच्या उपचारात रेबीजची लस राहून जाते, ती डॉक्टरांना आठवणीनं विचारा. उंदीर, घूस, खार यांच्यापासून धोका अगदीच कमी. साप, घोरपड, पक्षी यांना रेबीज होतच नाही. रानडुकराच्या सुळ्यानं फाटलेल्या जखमेत घाण आणि खोली हा मोठा प्रश्न असतो, तरी लसीचं विचारून घ्यावं.

आता सासऱ्यांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यांची भीती बरोबर आहे. त्यांच्या पिढीनं पिसाळलेलं कुत्रं चावून गेलेली माणसं बघितली आहेत, आणि तेव्हा गावात लस नव्हती. ते कुत्र्याचा राग करत नाहीत, त्यांना नातीची काळजी आहे. त्यांना सांगा, ‘मामंजी, तुम्ही म्हणता तसा धोका आहेच. म्हणूनच त्याला मोकळा ठेवणार नाही, पण दुसऱ्याच्या दारातही सोडणार नाही.’ खोली दाखवा, लसीच्या तारखा वाचून दाखवा, कुलपाची किल्ली त्यांच्याकडे द्या. घरातलं सगळ्यात सावध माणूस तेच आहेत. यजमानांना मात्र दहा दिवसांचा हिशोब नीट समजावून सांगा, कारण अकराव्या दिवशी दार उघडायला तेच जातील.

मुलीला ‘तो मरेल’ असं सांगू नका आणि ‘काही नाही झालं’ असंही सांगू नका. त्याला लागलंय, डॉक्टरांनी औषध दिलंय, आणि बरा आहे हे नक्की होईपर्यंत लांबूनच बोलायचं, एवढं तिला कळतं. तिनं आधी काही दिवस त्याला मिठी मारली होती, हे डॉक्टरांना सांगा. चावा बसल्यानंतर पहिल्या दिवसांत कुत्र्याच्या स्वतःच्या लाळेचा धोका नसतो, पण त्याच्या अंगावर त्या दिवशी कोल्ह्याची ओली लाळ होती. मुलीच्या हाताला, चेहऱ्याला खरचटलेलं होतं का, हे त्यांना कळायला हवं.

शेवटी एक काम तुमच्या ग्रामपंचायतीचं आहे, आणि ते तुम्ही सुरू करू शकता. आपल्याकडे रेबीज टिकून राहतो तो मुख्यतः कुत्र्यांमध्ये, आणि कोल्ह्यांपर्यंतही बरेचदा तो कुत्र्यांकडूनच जातो. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत राहिली तर साखळी तुटते. गोव्यात हे वर्षानुवर्षं, गल्लोगल्ली कुत्री जाळ्यात धरून करण्यात आलं, आणि २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीचं पत्र गेलं तर गावात लसीकरणाचं शिबिर लावता येतं. वस्त्यांवरची कुत्री त्यात धरायला सांगा, कारण शिबिर गावठाणात होतं आणि रानातली कुत्री राहून जातात. मेलेल्या कोंबड्या बांधावर टाकणं बंद करायचा ठरावही त्याच बैठकीत घ्या, त्या वासानंच कोल्हे वस्तीवर येतात. तुमच्या कुत्र्याच्या नव्या कार्डावर पुढच्या वर्षीच्या बूस्टरची तारीख आत्ताच लिहून घ्या आणि त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा.